बुधाजी बोलला की हॉर्न थांबतात

अमरावतीला फोन लावायचा झाला की बुधाजी सिरसाट खाटेच्या काठावर बसायचा आणि तोंडावर हात ठेवायचा. बोलायची ती त्याची बायको सुंदराबाई. फोन दोघांच्या मधे उशीवर ठेवलेला असायचा. तिकडून लेक दीपमाला ‘आई’ म्हणाली की बुधाजी सुंदराबाईच्या गुडघ्यावर टिचकी मारून खुणा सुरू करायचा. ताटाची खूण, गोळ्यांची खूण, सुजलेल्या पायांची खूण. सुंदराबाई त्या खुणा वाचून विचारायची, “जेवली का? गोया घेतल्या का? पायावरची सूज कशी हाय?” शेवटी दीपमाला विचारायची, “बाबा आहेत का गं जवळ?”

“हाव, बसले ना मुक्यावानी.”

मग पलीकडून दीपमाला हसायची, इकडे बुधाजी हसायचा. पण आवाज न करता.

हा नियम विहीणबाईंचा होता. माणिकबाई मूळच्या अकोल्याच्याच, जुन्या शहरातल्या, बुधाजीच्या गल्लीपासून चार गल्ल्या सोडून माहेर. लग्न होऊन अमरावतीला गेल्या त्याला एक पिढी उलटली, पण कान अकोल्यातच राहिले होते. दीपमालाला दिवस गेले तेव्हा बुधाजीनं मोठ्या हौसेनं फोन केला. “जय भीम ताई,” एवढंच म्हणाला. तेवढ्यानं माणिकबाईंच्या हातातली चहाची बशी फरशीवर फुटली. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, “राग नोका मानू भाऊ. आपन बौद्ध मानसं, शकुन-अपशकुन मी मानत नाई. पन ह्या कानाले कोन सांगन? तुमचा आवाज आला का पयलेच वाटते, कोन गेलं? पोरीचे दिवस भरू द्या. तवर सुंदराबाईलेच बोलू द्या.”

बुधाजीनं वाद घातला नाही. त्याला ठाऊक होतं, बाई खरं बोलते आहे. अकोल्यात त्याचा आवाज ऐकून ‘कोण गेलं’ असं न विचारणारा माणूस शोधून सापडला नसता.

बुधाजीची रिक्षा होती आणि रिक्षाच्या टपावर भोंगा होता. तरुणपणी तो डोमाजी माइकवाल्याच्या हाताखाली लागला. तेव्हा सर्कस, कुस्त्यांची दंगल, साड्यांचा सेल, पोलिओचा डोस असं काय वाट्टेल ते ओरडायचा. आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. खर्जातला, गोल, आणि कुठंही घाई नसलेला. एकदा गावातले एक शाळामास्तर वारले. अर्ध्या शहराला त्यांनी पाढे शिकवलेले. घरच्यांनी बुधाजीला बोलावलं आणि म्हणाले, फिरून सांग. तो फिरला. त्या दिवशी ओट्या-ओट्यांवर बाया उभ्या राहून रडल्या, आणि मास्तरांसाठी रडल्या की आवाजासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढच्या मयतीला लोक म्हणाले, बुधाजीलेच सांगा.

तिथून पुढे ते तसंच होत गेलं. साडीवाल्या सेठनं एक दिवस हात जोडले. “बुधाजीभाऊ, सकाऊन तू मयत सांगते न् दुपारी माह्या साड्या. बाया साडीले हात लावून राहिल्या नाई रे बापा.” मग सेल गेले, सर्कस तर आधीच गेली होती, पोलिओवाल्यांनी मेमरी कार्डावर आवाज भरून घेतला. बुधाजीकडे राहिली ती मयत.

ते काम मात्र तो नीट करायचा. हिंदूंच्या घरचं असेल तर अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, बौद्धांच्या घरचं असेल तर अंत्यविधी आणि पुढं पुण्यानुमोदन, कुणाची लेक पुण्याहून निघाली असेल तर तिची वाट पाहतो आहोत हेही. नाव सांगितलं की तो एक श्वास थांबायचा आणि मग पत्ता सांगायचा. त्या एका श्वासात सगळी गल्ली मनातल्या मनात म्हणायची, आपल्यातलं नको. बुधाजीला हे माहीत होतं, म्हणून तो तो श्वास कधी लांबवत नसे.

दीपमालाच्या लग्नात मंडपात माइक होता. लोकांना जेवायला बसा, असं सांगायचं होतं. बुधाजीनं सवयीनं हात पुढे केला, तर त्याच्या साळ्यानंच माइक मागे घेतला. “भाऊजी, तुमी राहू द्या.” बुधाजी म्हणाला, “बरं.” आणि पंगतीत वाढायला गेला.

अशा माणसाकडे रेडिओवाला आला.

रेडिओवाल्याचं नाव अनुप. नाशिकचा पोरगा, अकोल्यात बदलून आलेला, काम जाहिराती मिळवण्याचं. शहरात पुलाचं काम निघालेलं, अर्धा रस्ता पत्र्यांनी झाकलेला, आणि उरलेल्या अर्ध्यातून रिक्षा, ट्रॅक्टर, स्कूटी आणि सरकारी गाड्या एकमेकांत घुसलेल्या. अनुप दुकानदारांना सांगायचा की हाच आपला श्रोता, घराकडे निघालेला, अडकलेला, कुठं पळून जाऊ न शकणारा. पण स्वतः त्या गर्दीत अडकला की त्याला खरं काय ते दिसायचं. कुणी रेडिओ ऐकत नव्हतं. जो तो हॉर्न वाजवत होता.

एका संध्याकाळी त्याच गर्दीत बुधाजीची रिक्षा शिरली. “सर्वांना कळविण्यात येते की...” आणि हॉर्न थांबले. एकामागून एक, दिवे विझत जावेत तसे. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. स्कूटीवरच्या बाईनं तोंडावरचा रुमाल खाली घेतला. शेजारच्या गाडीतल्या माणसानं रेडिओचा आवाज कमी केला, आणि त्या रेडिओवर अनुपचीच जाहिरात चालली होती.

अनुपनं दुसऱ्या दिवशी बुधाजीचं घर शोधून काढलं.

“काका, जाहिरातीला आवाज द्याल का?”

“कोन वारलं?”

“कोणी नाही. कुलरची जाहिरात आहे.”

बुधाजीनं सुंदराबाईकडे पाहिलं. सुंदराबाई म्हणाली, “ह्या पोराले कोनीतरी खरं सांगा ना बापा.”

“मला माहीत आहे मावशी,” अनुप म्हणाला. “म्हणून तर आलो. हा आवाज आला की लोक गप्प होतात. मला एवढंच पाहिजे.”

बुधाजीनं अडकित्ता घेऊन सुपारी कातरली. मग विचारलं, “हे अमरावतीत ऐकू येते का?”

“येतं ना. दोन्ही शहरांत आपलं स्टेशन आहे. तीच जाहिरात संध्याकाळी दोन्हीकडे लागते. गाड्या अडकतात तेव्हाच.”

बुधाजीनं अडकित्ता खाली ठेवला. अमरावतीत माणिकबाई होत्या. त्यांच्या कानावर जर हा आवाज रोज पडला आणि कुणी मेलंच नाही, तर? हा विचार त्यानं कुणाला बोलून दाखवला नाही. “येतो,” एवढंच म्हणाला.

कुलर किसनराव भोंडे यांचे होते. मोर्शीकडचा माणूस, वाडवडिलांचे संत्र्याचे मळे, पण ह्यानं पत्र्याचे कुलर करून विकायला सुरुवात केली आणि अमरावतीत नाव काढलं. दुकानाचं नावच ‘किसनराव कुलरवाले’. आता उन्हाळ्याच्या तोंडावर अकोल्यात दुसरं दुकान उघडणार होता. त्यानं बुधाजीचा आवाज फोनवर ऐकला आणि खूश झाला. अकोल्याचा नसल्यामुळे त्याला त्यात काही वावगं ऐकू आलं नाही. “वजनदार आवाज हाय. माह्या कुलरवानी.”

स्टुडिओत मात्र वर्षाली होती, संध्याकाळचा कार्यक्रम करणारी, अकोल्यात जन्मलेली. तिनं काचेतून बुधाजीला पाहिलं आणि अनुपला बाजूला घेतलं. “अनुप, तू येडा झाला का? माह्या आजीची मयत सांगितली ह्या काकांनी.”

“लोक ऐकतील की नाही?”

“ऐकतीन. पन काय ऐकतीन, ते पाय.”

तरी तिनं बुधाजीला पाणी दिलं, खुर्ची दिली, कागद दिला. कागदावर होतं: ‘सर्वांना कळविण्यात येते की, मोर्शीचे सुप्रसिद्ध किसनराव कुलरवाले आता अमरावतीसोबत आपल्या अकोल्यातही. मोठी टाकी, गार वारा, खसचा सुगंध.’ सुरुवात अनुपनं मुद्दाम तशी ठेवली होती.

बुधाजीनं वाचलं. वर्षाली म्हणाली, “काका, जरा हसून वाचा.”

“हसूनच राहिलो ना.”

“ऐकू नाई येत.”

त्यानं पुन्हा वाचलं, दात दाखवून. मग उभं राहून. मग वर्षालीनं त्याला दीपमालाच्या लहानपणाची गोष्ट सांगायला लावली. ती सांगताना तो खरोखर हसला आणि हसता हसताच त्यानं वाचलं. काचेपलीकडे मशीनवर बसलेल्या पोरानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खसचा सुगंध बुधाजीच्या तोंडून असा निघाला की जणू तो पार्थिवाजवळच दरवळत होता.

“जाऊ द्या,” वर्षाली म्हणाली. “हेच ठेवू.”

जाहिरात पहिल्यांदा लागणार होती त्या संध्याकाळी बुधाजी स्वतः टॉवर चौकात जाऊन पानठेल्याला टेकून उभा राहिला. ठेल्यावर रेडिओ होता, रिक्षांत होते, गाड्यांत होते. चौक नेहमीसारखा तुंबलेला. आणि मग सगळीकडून एकदम तोच बोलू लागला. एवढ्या ठिकाणांहून आपण एकाच वेळी बोलतो आहोत हे त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

हॉर्न थांबले. एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. एक बाई पुटपुटली. ‘किसनराव’ हे नाव आलं, त्यानंतर बुधाजीचा तो नेहमीचा श्वास आला, आणि लोकांना जे कळायचं ते कळलं. टाकी, वारा, खस हे सगळं सुटे पैसे मोजण्यात आणि किक मारण्यात वाहून गेलं.

“किसनराव कोन बे?” पानवाल्यानं विचारलं.

“मोर्शीचे म्हने. ते कुलरचं नवीन दुकान नाई का, त्यायचं.”

“अरेरे. दुकान टाकलं न् गेले.”

“कायचं काय होते मानसाचं.”

बुधाजी तिथंच होता. तो तोंड उघडून म्हणू शकला असता, की बापहो, माणूस जिवंत आहे. पण त्या तोंडातून ते निघालं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता? तो पान न खाताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं उद्‌घाटन. किसनराव अमरावतीहून भल्या पहाटे निघून पांढऱ्याशुभ्र कपड्यात आले, तर अख्ख्या ओळीतल्या दुकानांची शटरं अर्धी खाली. अकोल्यात ओळीतल्या कुणाच्या घरी मयत झाली की शेजारी असंच करतात. पूर्ण बंद नाही, पूर्ण उघडं नाही. किसनरावांना वाटलं, कुणीतरी गेलं असेल बिचारं. ते आत जाऊन कुलरांच्या मागे हिशेबाच्या टेबलाशी बसले. थोड्या वेळात फुलवाली बेबीताई आली आणि पांढऱ्या शेवंतीचा हार मॅनेजर देवानंदच्या हातात ठेवला. “फोटो कुठी लावला भाऊ?”

“कोनाचा फोटो?”

“मालकाचा. लय चांगले होते म्हने.”

मागून शेजारचे हार्डवेअरवाले आले, त्यांनी देवानंदच्या खांद्यावर हात ठेवला. “कसं झालं? अटॅक आला का?”

किसनराव कुलरांमागून उभे राहिले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. बेबीताईनं किंकाळी फोडली आणि पाटीसकट बाहेर पळाली.

“मी जित्ता हावो ना बे!” किसनराव ओरडले. “कोनं सांगितलं मी मेलो म्हनून?”

“रेडिओवर सांगितलं ना,” हार्डवेअरवाले म्हणाले. “बुधाजीनं.”

अनुपला किसनरावांनी फोनवर काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तासाभरात अकोल्यातली जाहिरात बंद झाली. अमरावतीतली काढू का, असं अनुपनं मेल्या आवाजात विचारलं, तेव्हा किसनराव जरा थंडावले होते. “तिथी काहून काढतं? तिथी मले कोनी मारलं नाई. राहू दे.”

बुधाजीला हे सांगायला वर्षाली आली. तो म्हणाला, “बरं झालं पोरी. माहीच चूक होती.” चूक कसली ते ती विचारत बसली नाही. अमरावतीत जाहिरात चालूच राहणार हेही तिनं सांगितलं, पण ते त्याच्या कानात शिरलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी डाबकी रोडच्या एका घरचं बोलावणं आलं आणि त्यानं रिक्षा काढली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, ती बॅटी खाली करून उभी राहिली. नेहमीसारखीच. बुधाजीच्या मनात आलं, शहराचे कान एकदा घडले की घडले. आता माणिकबाईंनी ते ऐकलं असेल तर काय वाटलं असेल त्यांना? फोनवर नको म्हटलं तर हा रेडिओवरून आला!

त्या आठवड्यापासून तो फोनजवळही बसेना. सुंदराबाई बोलायला लागली की अंगणात जाऊन रिक्षा पुसत राहायचा.

बाळंतपण अमरावतीलाच ठरलं होतं, डॉक्टरीण तिथली. सुंदराबाई आधीच तिकडे गेली. मग एका दुपारी जावई ललितचा फोन आला. बुधाजीनं फोन कानाला लावला आणि गप्प राहिला.

“बाबा, पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बाबा? बोला ना!”

बुधाजीनं फोनवर टिचकी मारली. ललितला वाटलं, लाइन खराब आहे.

दीपमाला घरी आल्यावर बुधाजी एसटीनं अमरावतीला गेला. पिशवीत डिंकाचे लाडू आणि जुन्या धोतराची मऊ लंगोटं. स्टँडवरून रिक्षा केली. राजकमल चौकात रिक्षा अडकली ती अडकलीच. पुढे बस, मागे बस, बाजूला टरबुजांचा हातगाडा. रिक्षावाल्याचा रेडिओ गाणं म्हणत होता. गाणं संपलं आणि बुधाजी बोलू लागला.

“सर्वांना कळविण्यात येते की...”

बुधाजीनं डोळे मिटले. हॉर्न वाजतच होते. त्यानं एक डोळा उघडला. शेजारच्या स्कूटीवरची पोरगी मोबाईलमध्ये पाहत होती. टरबूजवाला बसवाल्याला शिव्या देत होता. ‘किसनराव’ आलं, श्वास आला, आणि त्या श्वासात रिक्षावाल्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

“ह्या बुढ्यानं डोकं खाल्लं राजेहो,” रिक्षावाला म्हणाला. “गाडी अडकली का ह्याचं सुरू.”

“आवाज कसा वाटते?” बुधाजीनं विचारलं.

“आवाजाले काय करतं? इकत असन कुलर. मोठी टाकी, गार वारा. पाठ झालं आपल्याले.” त्यानं आरशातून मागे पाहिलं. “तुमचाबी आवाज तसाच हाय म्हना. जाऊन पाहा, ठेवतीन तुमाले दुकानात.”

त्यानं बटण फिरवलं. बुधाजी ‘खसचा सुग’ इथंच तुटला आणि दुसरीकडचं गाणं लागलं. बुधाजी मागच्या सीटवर हसू लागला. आधी पोटात, मग मोठ्यानं. रिक्षावाल्याला काही कळलं नाही. त्यानं भाडं मात्र जास्त घेतलं.

दार माणिकबाईंनीच उघडलं. बुधाजीनं हात जोडले आणि सवयीनं तोंडावर हात ठेवला.

“या भाऊ. असे काहून उभे? बोला ना.”

त्यानं मान हलवली. माणिकबाई हसल्या. “दवाखान्यात पोरीचा डबा न्याले रोज राजकमलवरून जा लागे. पयल्या दिवशी रिक्षात तुमचा आवाज आला न् मी ललितचा हात धरला. म्हतलं, पाय बापा कोन गेलं. तो म्हने, आई, कुलर हाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तुमी. रोज गाडी अडके, रोज तुमी या. आता तुमचा आवाज आला का मले कुलरात पानी भराचं आठवते.” मग आत वळून म्हणाल्या, “सुंदराबाई, पानी आना. न् भाऊ, तुमी जा आत. पोरीशी बोला, नातीशी बोला. दिवस भरले आता.”

आतल्या खोलीत खिडकीशी किसनरावांच्याच दुकानाचा कुलर घरघरत होता. दीपमाला भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कापडाचं गाठोडं. तिनं ते बापाच्या हातांवर ठेवलं. गाठोड्यात तांबडा, सुरकुतलेला चेहरा होता, डोळे मिटलेले.

बुधाजीनं बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काही येत नाही. इतक्या वर्षांत तोंडाला एकच सुरुवात बसली होती. मग तो पोरीच्या कानाशी वाकला आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, “सर्वांना कळविण्यात येते की, अकोल्याचे बुधाजी सिरसाट यांची लेक दीपमाला आणि जावई ललित यांच्या घरी...”

आणि तिथं त्याचा तो श्वास आला. दारात पाण्याचा तांब्या घेऊन सुंदराबाई थांबली. तिच्यामागे माणिकबाई थांबल्या, एक हात नकळत छातीशी गेलेला. कुलर तेवढा घरघरत राहिला.

“...पोरगी आली,” बुधाजी म्हणाला.

माणिकबाईंनी हात खाली घेतला. दीपमाला हसत म्हणाली, “बाबा, पत्ता राहिला.”

“सांगतो ना,” बुधाजी म्हणाला, आणि पोरीला दुसऱ्या हातावर घेऊन पत्ता सांगू लागला.